कोंडवाड्यातलं मशीन

लाइट गेली तेव्हा माझा उजवा हात मशीनच्या तोंडात होता.

आधी काय झालं ते कळलंच नाही. पात्यांची करकर एकदम खाली बसली, मोटर घुमत घुमत थांबली, आणि मला हात मागे घेता येईना. मी ओढला. आला नाही. पुन्हा जोर लावला तशी खांद्यापर्यंत अशी कळ गेली की डोळ्यांपुढे पिवळं दिसायला लागलं. कामावर मी साडीवरून आमच्या ह्यांचा जुना शर्ट घालायची. त्याची बाही पात्यांच्या दांड्याभोवती पीळ खात कोपरापर्यंत गुंडाळली गेली होती. आत, हातमोज्यात, दोन बोटं दोन पात्यांच्या मध्ये होती. रक्त फार दिसत नव्हतं. पांढरा मोजा तेवढा हळूहळू रंगत होता.

समोरच्या भिंतीवर घड्याळ होतं. सव्वाअकरा.

त्या वर्षी आमच्या हिरवडीत रोज सव्वाअकरा ते सव्वाएक लोडशेडिंग असायचं. म्हणूनच मी घाई करत होते. लाइट जायच्या आत एक पोतं संपवायचं होतं. त्यात खताच्या फाटक्या पिशव्या आल्या होत्या आणि त्यांचे दोरे दांड्याला गुंडाळून बसले होते. मशीन चालूच ठेवून मी ते दोरे ओढायला गेले. लाइट आणखी पाच सेकंद राहिली असती तर हात कोपरापासून गेला असता. म्हणजे मी वाचले होते. निदान तेव्हा मला तसं वाटलं.

आमचं काम चालायचं ते गावच्या जुन्या कोंडवाड्यात. पूर्वी तिथे चुकार गुरं कोंडायचे. आठ फुटी दगडी भिंती, लोखंडी गजांचं फाटक, वर ग्रामपंचायतीनं नंतर घातलेले पत्रे. पुण्याच्या एका संस्थेनं आमच्या बचत गटाला तिथे दोन लहान मशिनं बसवून दिली होती. एक बाटल्या-पिशव्यांचे तुकडे करणारं, त्याला आम्ही क्रशर म्हणायचो. दुसरं ते तुकडे वितळवून साच्यात दाबणारं. त्यातून कुंपणाचे खांब निघायचे. वाळवी लागत नाही म्हणून आसपासचे द्राक्षबागावाले ते आवडीनं न्यायचे. आम्ही पाचजणी होतो आणि क्रशर मी चालवायची. दहावी नापास बाई मशीन चालवते म्हणून गावात मला मान होता, आणि तो मान मला फार प्यारा होता.

मी डाव्या हातानं बाही फाडायचा प्रयत्न केला. जाड कापड, एका हातानं फाटेना. मग म्हटलं, कुणीतरी येईल. आल्यावर मोटरचा पट्टा उलटा ओढायला सांगू, हात सुटेल. दुखत होतं, पण डोकं ठिकाणावर होतं. मी मान वळवून फाटकाकडे पाहिलं. फाटकाच्या बाजूच्या भिंतीवर मेन स्विच होता, त्याच्याखाली स्टार्टर.

आणि स्टार्टरचं हिरवं बटण आत दाबलेलं होतं.

एरवी लाइट गेली की स्टार्टर सुटतो, आणि लाइट आल्यावर हिरवं बटण पुन्हा दाबल्याशिवाय मोटर सुरू होत नाही. पण आमच्याकडे होल्टेज कमी असायचं. दर दहा मिनिटांनी स्टार्टर सुटायचा, दर वेळी उठून बटण दाबायला जावं लागायचं. म्हणून चपलेच्या रबराची पाचर करून ती बटणावर ठोकून ठेवली होती. सव्वाएकला लाइट येणार होती, आणि लाइट आल्याबरोबर मशीन आपलं आपण सुरू होणार होतं. माझ्यापासून स्टार्टर असेल बारा पावलांवर.

ती पाचर मीच मारली होती. क्रशरच्या झाकणाला एक खटका होता, झाकण उचललं की मोटर बंद व्हायची. तोही मीच तारेनं बांधून टाकला होता.

मी ओरडायला लागले. "कोण हाय का? अहो, कोण हाय का तिकडं?"

गल्लीत कुणी नव्हतं. आमच्या गटातल्या सुलाबाईच्या भाचीची हळद होती शेजारच्या गावात, अर्धी गल्ली टेंपोनं तिकडे गेली होती. गटातल्या तिघीही गेल्या होत्या. खांब दुसऱ्या दिवशी द्यायचे होते म्हणून मी एकटीच थांबले होते. एकटीनं मशीन चालवायचं नाही असा आमचा नियम होता.

पाचवी बाई म्हणजे आक्काताई. त्यांचं घर कोंडवाड्याच्या मागच्या भिंतीला लागून होतं. मधे फक्त ती भिंत. आक्काताई साठीच्या जवळ आलेल्या, एकट्या राहायच्या. नवरा वारल्यावर बारा वर्षं इचलकरंजीत मागावर काम केलेली बाई. त्यांना हाक मारली असती तर त्या नक्की ऐकणार होत्या. पण आमचं आठ दिवसांपूर्वी भांडण झालं होतं, ते या पाचरीवरूनच.

दोनदा त्यांनी ती पाचर काढून टाकली होती, खटक्याची तारही सोडली होती. तिसऱ्यांदा त्यांनी रबर काढून माझ्यासमोर धरलं.

"शालन, हे बंद कर."

"तुम्हाला काय त्रास होतोय, आक्काताई? उठबस मला करावी लागते."

"आम्ही पण मागावर खटके बांधायचो. माप जास्त निघावं म्हणून. माझ्या शेजारच्या मागावरच्या पोरीचे केस गेले त्यात. कातडीसकट. मी बघितलंय."

सगळ्याजणी काम थांबवून ऐकत होत्या. मला ते सहन झालं नाही. मी म्हटलं, "तुम्हाला मशीन चालवायला मिळालं न्हाई, त्याचा राग हाय तुम्हाला. बसा घरात, न्हाई जमत तर."

त्यांनी रबर टेबलावर ठेवलं, हात धुतले आणि गेल्या. परत आल्या नाहीत. मी मात्र दुसऱ्या दिवसापासून फाटकाला आतून कडी लावायला लागले. त्या केव्हाही येतील आणि पुन्हा पाचर काढतील म्हणून.

ती कडी त्या दिवशीही लावलेली होती. कुत्री येऊ नयेत म्हणून गजांवर आम्ही पत्रा मारून घेतला होता, त्यामुळे बाहेरून आतलं काही दिसतही नव्हतं.

मी पाचेक मिनिटं लाजले, आता हसू येतं त्याचं. मग जिवाच्या आकांतानं हाक मारली.

"आक्काताई! ओ आक्काताई! या हो!"

उत्तर नाही. थांबून पुन्हा मारली. "आक्काताई, हात अडकलाय माझा!" पत्र्यांखाली माझाच आवाज घुमून परत येत होता. मी म्हटलं, बाजाराला गेल्या असतील, येतील. थोड्या वेळानं हाक मारायची, घड्याळ बघायचं, परत हाक मारायची.

बारा वाजले. पत्रे तापून तडतडायला लागले. धुऊन दोरीवर वाळत घातलेल्या दुधाच्या पिशव्यांवर माश्या होत्या, त्या आता माझ्या हातावर यायला लागल्या. पाण्याची बाटली टेबलावर दिसत होती. पायानं टेबल ओढता येईल का म्हणून पाय लांबवला तर हाताला असा हिसका बसला की मी तशीच मशीनवर कपाळ टेकून राहिले. किती वेळ ते माहीत नाही. डोळे उघडले तेव्हा बारा वीस झाले होते.

बोटांची कळ आता थांबली होती, तिथे काही नव्हतंच जणू. त्याची भीती जास्त वाटली. मी पायातली चप्पल काढून डाव्या हातानं स्टार्टरवर फेकली. लागली नाही. दुसरी फेकली, ती मेन स्विचखाली भिंतीला लागून पडली. मग जवळ असलेल्या बाटल्या फेकल्या. रिकामी बाटली बारा पावलं जातच नाही. फेकलेलं सगळं मधेच पडत होतं.

त्यानंतर माझा आवाज बसला. घशातून नुसती हवा यायला लागली. मी हाका मारायच्या सोडून दिल्या आणि घड्याळाकडे बघत राहिले. माझी मुलगी तेव्हा चौथीत होती. तिची वेणी कोण घालेल, एवढाच एक विचार डोक्यात फिरत होता, पुन्हा पुन्हा तोच.

एकला वीस मिनिटं कमी असताना फाटक वाजलं.

"शालन? ए शालन, आत हायस का?"

माझ्या तोंडून आवाज निघेना. मी पायानं मशीनच्या पत्र्याला लाथा मारल्या.

"काय झालं गं? कडी काढ!"

"हात..." मी कसंबसं म्हटलं. "हात गेलाय मशीनमध्ये. लाइट यायच्या आत मेन बंद करा."

मग आक्काताईंचा आवाज आला, एकदम खालच्या पट्टीत. "पाचर हाय बटणात?"

"हाय."

पुढे त्या काही विचारत बसल्या नाहीत. पावलं पळत गेली आणि पळत आली. मग फाटकाच्या पत्र्यावर कोयत्याचे घाव पडायला लागले. पत्रा जुना होता पण जाड होता. मी घड्याळ बघत घाव मोजत होते. एक वाजायला पाच मिनिटं असताना पत्र्याला हातभर फट पडली. त्यातून त्यांचा हात आत आला, कडी चाचपायला लागला. कडी वर होती. हात पुरेना. पत्र्याच्या धारेनं त्यांचा दंड कापत होता, तरी त्या रेटत होत्या.

"न्हाई पुरत," त्या म्हणाल्या. "शालन, मेन कुठल्या बाजूला?"

"तुमच्या डाव्या हाताला. वरती. दांडी खाली ओढायची."

त्या पुन्हा पळाल्या. या वेळी कपडे वाळत घालायची वेळूची काठी घेऊन आल्या. काठी फटीतून आत आली, भिंतीवर ठकठक करत चाचपडायला लागली. त्यांना दिसत काहीच नव्हतं.

"वर घ्या... अजून वर... आता उजवीकडे. थोडं. मागं घ्या. आता मारा खाली!"

काठी घसरली. पुन्हा मारली, ती स्टार्टरच्या डब्यावर बसली. तिसऱ्यांदा दांडीला लागली, दांडी हलली पण खाली आली नाही. गंजलेली होती.

"किती वाजलेत?" त्यांनी विचारलं.

"एक दहा."

"रडू नको. नीट सांग. लागली होती का?"

"लागली होती. तशीच मारा, जोरात."

चौथ्या वेळी दांडी खटकन खाली पडली. मी ते बघितलं आणि मला सांगताही येईना. "पडली का? शालन, पडली का गं?" त्या विचारत राहिल्या. मी नुसती मान हलवत होते, आणि ती त्यांना दिसत नव्हती. मग समोरच्या रस्त्यावरची पिठाची गिरण घरघरायला लागली. लाइट आली होती. माझ्या समोरचं मशीन गप्प होतं.

आक्काताईंनी पत्रा आणखी फाडून कडी काढली आणि आत आल्या. आधी त्यांनी मला पाणी पाजलं. मग कोयत्यानं शर्टाची बाही कापली आणि मोटरचा पट्टा दोन्ही हातांत धरून उलटा ओढायला लागल्या. वीस वेळा ओढला तेव्हा पातं कुठे बोटभर मागे सरकलं. त्यांच्या दंडातून रक्त गळत होतं, ते पट्ट्याला लागून पट्टा घसरत होता. हात सुटला तेव्हा मी खाली बसले. त्यांनी माझा मोजा काढला नाही, तसाच पदरात गुंडाळला आणि म्हणाल्या, "बघू नको."

मिरजेच्या दवाखान्यात दोन बोटं काढली. मधलं आणि त्याच्या शेजारचं. डॉक्टर म्हणाले, "तासभर आधी आणलं असतं तर एक तरी वाचवलं असतं." आक्काताई दाराशी उभ्या होत्या, दंडाला टाके घातलेले. त्यांनी ते ऐकलं.

चौथ्या दिवशी संस्थेचे टिळेकर साहेब आले. चांगला माणूस होता. खुर्ची ओढून बसले, खूप वेळ तब्येतीचं विचारत राहिले. मग म्हणाले, "शालनताई, खटका बांधलेला होता. बटणात पाचर होती. कुणी केलं हे?"

आमचे हे शेजारी उभे होते. मी काही बोलायच्या आत हेच म्हणाले, "त्या आक्काताईंचंच काम असणार. मागावर असताना असलेच खटके बांधायच्या त्या. हीच सांगत असते घरी."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. "खरं का? हे बघा, गट निष्काळजी आहे असं ठरलं तर मशिनं परत न्यावी लागतील. एका बाईची चूक असेल तर तिला कामावरून कमी करू, बाकीच्यांचं काम चालू राहील."

हे माझ्याकडे बघत होते. खरं सांगितलं असतं तर त्या दिवसापासून माझं घराबाहेर पडणं बंद झालं असतं, हे मला त्यांच्या तोंडावर दिसत होतं. मी बँडेजकडे बघत बसले. मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. साहेबांनी वहीत काहीतरी लिहून घेतलं.

मला वाटलं, आक्काताई सांगतील. चारचौघांत माझी लाज काढतील. पण त्यांनी 'मी केलं' असं लिहून सही करून दिली. मशिनं जायला नकोत म्हणून, खरं माहीत असूनही, गटातल्या तिघीही गप्प राहिल्या. सुलाबाईनं दवाखान्यात येऊन मला हे सांगितलं, तेव्हा मी भिंतीकडे तोंड करून झोपेचं सोंग घेतलं. महिनाभरात आक्काताई घर बंद करून इचलकरंजीला मुलीकडे राहायला गेल्या.

मी चार महिन्यांनी कामावर गेले. आठ बोटांनी क्रशर चालवायला लागले. झाकणाला नवा खटका बसवला होता, त्याला मी कधी हात लावला नाही. लोक बघायला यायचे. कॉलेजच्या मुली यायच्या, माझ्या हाताकडे बघायच्या आणि टाळ्या वाजवायच्या. तालुक्याला शाल-नारळ देऊन सत्कार झाला. भाषणात कुणीतरी म्हणालं, दुसऱ्याच्या चुकीची शिक्षा भोगूनही ही बाई खचली नाही. मी तिथे नमस्कार करून उभी होते. घरी येऊन ती शाल ट्रंकेच्या तळाशी टाकली. रोज सकाळी फाटक उघडून आत जायचे तेव्हा वाटायचं, हात सुटला पण मी काही इथून बाहेर पडले नाही. अशी सहा वर्षं गेली.

सहाव्या वर्षी माझी मुलगी दहावीला बसली. तिच्या शाळेत निबंध होता, 'माझा आदर्श' असा. तिनं माझ्यावर लिहिला आणि मला वाचून दाखवला. त्यात आक्काताई होत्या, निष्काळजी बाई म्हणून. दुसऱ्या दिवशी मी इचलकरंजीची गाडी पकडली.

आक्काताई खूप वाळल्या होत्या. मुलगी कामावर गेलेली, त्या दाराशी खाटेवर बसलेल्या. मला बघून उठल्या, हाताला धरून आत नेलं. मी पाणीसुद्धा न पिता सांगून टाकलं. साहेब काय म्हणाले, हे काय म्हणाले, मी कशी गप्प बसले.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तुझी पहिली हाक मी ऐकली होती."

मला कळलं नाही.

"त्या दिवशी. साडेअकरा असतील. मी तांदूळ निवडत होते. 'आक्काताई, या हो' म्हणालीस. म्हटलं, अडलं वाटतं बाईचं माझ्यावाचून. घालू दे हाका."

"हात अडकलाय म्हणून सांगितलं होतं मी."

"तेही ऐकलं." त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. "म्हटलं नाटक करतेय. मग वाटलं खरंच अडकला असंल, तरी म्हटलं, कळू दे जरा. मशीन बंद हाय, लाइट न्हाई, काय होतंय. पाचर माझ्या ध्यानातच आली न्हाई गं, शालन. दोनदा काढली होती मी ती, आणि ध्यानात आली न्हाई. तांदूळ निवडले, धुतले. भात झाला. मग तुझी हाक यायची थांबली. थांबली तशी उठले."

मग त्यांनी माझ्या हाताकडे बघितलं.

"डॉक्टर काय म्हणाले, तू ऐकलंस ना? तासभर आधी. म्हणून सही केली. तू समजत असशील मी तुझ्यासाठी केली."

मी उठले. चप्पल घातली आणि बाहेर पडले. मला इतका राग आला होता की स्टँडचा रस्ता विचारायचंही सुचेना. दोन बोटं! मी तिथे मरणाची वाट बघत होते आणि ही बाई भिंतीपलीकडे भात शिजवत होती. स्टँडवर बाकावर बसून मी रडले, शिव्या दिल्या. मिरजेची एक गाडी गेली, दुसरी गेली. मग काठीचे ते ठोके आठवले, पत्र्यात कापत गेलेला तो दंड आठवला. आणि हेही आठवलं की कडी मीच लावली होती, त्या येऊ नयेत म्हणून.

संध्याकाळी मी त्यांच्याकडे परत गेले. त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. दोघी जेवलो. निघताना त्यांनी माझा उजवा हात हातात घेतला, जिथे बोटं नव्हती तिथे अंगठा फिरवला आणि सोडून दिला. त्यानंतर मी दर दिवाळीला जायची. गेल्या श्रावणात त्या वारल्या, म्हणून आज हे सगळं सांगता येतंय.

इचलकरंजीहून आल्यावर दुसऱ्याच दिवशी मी गटाला कोंडवाड्यात बोलावलं. ह्यांनाही बोलावलं, मुलीलाही. पाचर कुणी मारली, खटका कुणी बांधला, कडी कुणी लावली आणि दवाखान्यात कोण गप्प बसलं, सगळं उभं राहून सांगितलं. हे मधूनच उठून गेले. मुलगी खाली बघत होती. फाटकाची किल्ली मी सुलाबाईपुढे ठेवली.

मग सुलाबाईनं विचारलं, "पण शालन, एक कळत न्हाई. आक्काताईंचं घर तर भिंतीला लागून. दीड तास तू ओरडत होतीस. त्यांना ऐकू कसं आलं न्हाई?"

सगळ्याजणी माझ्याकडे बघायला लागल्या.

"त्या घरी नव्हत्या," मी म्हटलं.